जित्या पावलाचं माप

चन्नाप्पाचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. विहीर खणणाऱ्याला उजाडायची वाट बघून चालत नाही. ऊन वर आलं की तळाला वारा राहत नाही, आणि मग एका पाटीला दोन पाट्यांचा दम लागतो. त्याच्याही आधी त्याची थोरली बहीण उठायची. तिचं नाव रत्नव्वा, पण सगळं गाव तिला आक्का म्हणतं. ती चूल पेटवायची, शेळीची धार काढायची, चहा ठेवायची आणि हाक मारायची, "तम्मा, ऊठ. मेलेलं मानूस बी एवढं झोपत न्हाय." कन्नडमध्ये धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. साठी ओलांडली तरी तो तिचा तम्माच होता.

मी त्याच्याबरोबर निम्मं आयुष्य विहिरी खणल्या. माझे गुडघे गेले तेव्हा मी घरी बसलो, तो बसला नाही. त्याच्यासारखी सरळ भिंत मी दुसऱ्या कुणाची बघितली नाही. ओळंबा सोडायचा, एक डोळा मिटून बघायचा, आणि बोटभर मुरूम बाहेर दिसला तरी पुन्हा पहार उचलायचा. मी म्हणायचो, "आरं, पान्याखाली जानार ही भिंत. कोन बघनार?"

"पानी बघतंय की," तो म्हणायचा.

बायको लवकर गेली. मुलगी विद्याश्री कबनूरला दिली, जावई यंत्रमागावर आहे. आक्का ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आली होती, ती इथंच राहिली. हातकणंगल्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं त्या घरात ही दोघंच.

चन्नाप्पाला गावात मान होता, पण तो विहिरींमुळं नाही. ते लिंगायत. त्यांच्यात मृताला जाळत नाहीत, पुरतात, आणि तेही बसवून. खड्ड्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरायचा आणि त्यात मांडी घालून बसवायचं. खड्ड्याला टेप लावत नाहीत. मेलेल्या माणसाच्या पावलाला टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी लावायची आणि गाठ मारायची. तसली नऊ पावलं लांबी, पाच पावलं रुंदी. गावात कुणी गेलं की पहिलं बोलावणं चन्नाप्पाला यायचं. तो यायचा, पावलाचं माप घ्यायचा, आणि इतर चार जण त्याच्या हाताखाली खणायचे. या कामाचा पैसा कुणी घेत नाही. आमच्या गावात तर खणणारे त्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. खणायचं, अंघोळ करायची, घरी जायचं.

मागच्या उन्हाळ्यात गावात सिनेमावाले आले.

दिग्दर्शक म्हणजे शांभवी नावाची पोरगी. पस्तिशीची असेल, मूळची कोल्हापूरची, बोलायला सरळ. तिच्याबरोबर सगळी जमवाजमव करणारा ऋतुराज. फार पूर्वी एक काळापांढरा रहस्यपट येऊन गेला होता म्हणे. त्याच्यावरून ती आजच्या काळातला नवा सिनेमा करत होती. श्रीमंत घरातली म्हातारी मारली जाते, घाईनं पुरली जाते, आणि मग तो खड्डा पुन्हा उकरायची वेळ येते. उदयसिंहाचं रान त्यांनी भाड्यानं घेतलं होतं. गावातल्या सगळ्यांनी त्यांना एकच नाव सांगितलं. म्हणून ते चन्नाप्पाच्या दारात आले. मी तिथं पायरीवर बसलो होतो. आक्का दळण घेऊन गिरणीत गेलती.

"काका, तुम्ही खरा खणता तसाच पाहिजे," शांभवी म्हणाली. "कोनाडा, पायऱ्या, सगळं."

"त्येचं पैसं घेत न्हाय आमी," चन्नाप्पा म्हणाला.

"अहो, पण हे खरं थोडंच आहे?" ऋतुराज हसला. "कुणी मेलेलंच नाही. सेट आहे काका, सेट. हजेरी दुप्पट देतो."

चन्नाप्पानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या हाताला चार महिने काम नव्हतं. आता विहिरी यंत्र खणतं, आणि हौस असली तर बोअर मारतात. त्याची पहार भिंतीला टेकून गंजायला लागली होती. दुप्पट हजेरीपेक्षा त्याला त्या पहारीचं जास्त वाटत होतं, हे मला दिसत होतं.

"घाम खरा असंल तर मजुरी खरी," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. मग विचारलं, "माप?"

"अंदाजे घ्या की," ऋतुराज म्हणाला.

"अंदाजे?" चन्नाप्पाचा चेहरा असा झाला, की जणू त्याला कुणी बिनओळंब्याची भिंत बांधायला सांगितली. "कोन बसनार हाय त्येच्यात?"

म्हातारीचं काम करणारी बाई पुण्याची होती. ती शूटिंगच्या दिवशीच येणार होती. कशी आहे विचारल्यावर शांभवी म्हणाली, "बारीक अंगाची. ठेंगणी. सत्तरीची."

ती जायला निघाली तेव्हा चन्नाप्पानं विचारलं, "बाई, खून कुनी केला त्ये शेवटाला कळतं व्हय?"

"नाही काका. बघणाऱ्याला पहिल्यापासून माहीत असतं. फक्त गावाला माहीत नसतं. भीती त्यातच असते."

ती गेली तशी आक्का गिरणीतनं आली. डोक्यावरचं पीठ उतरवून ती ओट्यावर पाय पसरून बसली आणि शेंगा फोडायला लागली. चन्नाप्पा तिच्या पायांकडं बघत उभा होता. बारीक अंगाची, ठेंगणी, सत्तरीची.

त्यानं खिशातून सुतळी काढली. "आक्का, पाय फुडं कर."

"का रं?"

"चप्पल करून आनतो. कोल्लापुरातनं."

खरं सांगायची त्याला लाज वाटली. पैसे घेऊन समाधीचा खड्डा खणणार, हे आक्काला कळलं असतं तर तिनं त्याला घरात घेतलं नसतं. म्हणून चप्पल. त्यानं तिच्या टाचेला सुतळी लावली, अंगठ्यापर्यंत ताणली, गाठ मारली आणि सुतळी खिशात टाकली. हाताला सवय होती. झटक्यात झालं.

आक्काच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती सुतळीकडं बघत होती, मग त्याच्या तोंडाकडं. चप्पल करणारा कागदावर पाऊल उभं करतो, पंजाची रुंदी घेतो, अंगठ्याचं घेतो. टाच ते अंगठा, एकच ताण आणि एकच गाठ, असं माप तिनं आयुष्यात एकाच कामाला घेतलेलं बघितलं होतं. तिच्या नवऱ्याचं घेतलं तेव्हा ती तिथंच बसली होती.

आपल्याला काहीतरी मोठं दुखणं झालंय, डॉक्टरनं ते तम्माला सांगितलंय, आणि तम्मा आपल्यापासून लपवतोय, असं तिच्या मनानं घेतलं. हे तिनं मला मागाहून सांगितलं. त्या वेळी ती एवढंच म्हणाली, "काळी नगं. पिवळी आन." त्याला खोटं निभावून न्यायला तिनं मदत केली.

घरी विहिरीचं काम म्हणून सांगून दुसऱ्या दिवसापासून चन्नाप्पा उदयसिंहाच्या रानात खणायला लागला. मी बांधावर बसून बघायचो. वर काळी माती होती, ती चिकट. फावड्याला चिकटली की झटकण्यात दम जातो. तो फावडं पाण्यात बुडवून घ्यायचा. निघालेली माती काठापासून लांब टाकायचा. जवळ टाकणं सोपं, पण काठावर भार आला की भिंत सुटते. खाली मुरूम लागल्यावर त्यानं पहार घेतली. कोनाड्याच्या माथ्याला कमान ठेवली, कोपऱ्यात हात फिरवून फिरवून गुळगुळीत केली. सिनेमात ती दिसणार होती का, हे शांभवीलाही माहीत नसेल. काम चांगलं चाललं होतं. पण दुपारी भाकरी खाताना तो माझ्याकडं बघायचा नाही. तिथून कुणी जात असेल तर खड्ड्यात खाली बसायचा.

"लपतोस का रं? चोरी केलीस व्हय?" मी म्हटलं.

"चोरी असती तर बरं हुतं," तो म्हणाला.

पहिल्या दिवसाची हजेरी ऋतुराजनं पाकिटात घालून दिली. ते पाकीट त्यानं सदऱ्याच्या खिशात ठेवलं नाही. तिथं छातीवर गळ्यातलं इष्टलिंग असतं. हत्याराच्या पोत्यात टाकलं. पुढची हजेरीही त्याच पाकिटात गेली.

इकडं घरी आक्का आवराआवर करत होती. त्याला त्यातलं काही कळलं नाही.

पहिली शेळी गेली. शेजारची निशिगंधा नुकतीच बाळंत झाली होती. आक्कानं शेळीचं दावं सोडलं आणि तिच्या दारात नेऊन बांधली. "लेकराला दूध हुईल," म्हणाली. चन्नाप्पा घरी आला, खुंटा रिकामा बघितला.

"शेळी?"

"दिली."

"का?"

"सांभाळ हुईना आता."

मग कानातल्या बुगड्या गेल्या. विद्याश्रीला कबनूरहून बोलावून घेतलं आणि तिच्या हातावर ठेवल्या. पोरगी तशीच रानात धावत आली. "आप्पा, आक्काला काय झालंय? माझ्या तोंडावरनं हात फिरवत बसली हुती."

"काय न्हाय. म्हातारपन."

मग ती गिरणीवाल्या संगमेशकडं गेली. पीठ मापात मारतो म्हणून तिचं नि त्याचं कितीतरी वर्षं वाकडं होतं. ती त्याला म्हणाली, "लेकरा, मी तुला वंगाळ बोलले. मनात ठिवू नगंस." संगमेश एवढा घाबरला की त्यानं गिरणी बंद केली आणि पट्ट्याच्या आडून विचारलं, "आक्का, बरं हाय न्हवं? का पीठ परत देऊ?"

ती अर्धी भाकरी खायला लागली. चन्नाप्पानं दम दिला तर म्हणाली, "जाताना हलकं बरं." आता मात्र तो भ्यायला. त्यानं तिला हातकणंगल्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं छाती बघितली, रक्त बघितलं आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. माझ्यापेक्षा जास्त जगतील." चन्नाप्पाचा जीव भांड्यात पडला. आक्काचा उलट बुडाला. डॉक्टर हसून बोलला म्हणजे आता काही उरलेलंच नाही, असा तिनं अर्थ काढला. परत येताना एसटीत तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तू लई गुनाचा हाईस, तम्मा. सांगू नगंस. मला कळतंय."

"काय कळतंय?"

"ऱ्हाऊ दे."

त्याला वाटलं तिचं डोकं फिरलं. तो मला म्हणाला, "आन्ना, म्हातारी भ्रमली. बरी हाय म्हनून सांगितलं तर रडती."

मला तरी कुठं कळलं? सुतळी लावताना मी पायरीवर होतो. पण चप्पल म्हटल्यावर मी चप्पलच धरून चाललो होतो. नंतर खड्ड्याची लांबी-रुंदी त्यानं कुठल्या गाठीनं घेतली ते मी विचारलं नाही.

शूटिंगच्या दिवशी सगळं गाव उदयसिंहाच्या रानात गेलं. दुपार होती. मोठमोठ्या पांढऱ्या पडद्यांनी ऊन अडवलं होतं, छत्र्या लावल्या होत्या, ऋतुराज ओरडत होता, "पावणं, मागं सरका! चपला वाजवू नका!" पुण्याची बाई तोंडाला राख फासून खुर्चीत सरबत पीत बसली होती. तिला बघून बायका हसत होत्या. "मेलीय म्हनं, आनि सरबत पितीय बघा!"

आक्काला कुणी बोलावलं नव्हतं. निशिगंधाची सासू निघाली, तिच्याबरोबर ती आली. आता मरायचंच आहे तर सिनेमा बघून मरू, असं म्हणाली असेल. त्याची मला खात्री नाही, पण ती तसली होती.

ती गर्दीतनं पुढं आली आणि तिला खड्डा दिसला. कोनाडा, पायऱ्या, सरळ भिंत. ती भिंत कुणाची आहे हे तिला सांगायला कोण लागणार होतं? चन्नाप्पा पलीकडच्या काठाला फावडं घेऊन उभा होता. कॅमेऱ्यात त्याचे हात घ्यायचे होते.

आक्कानं चपला काढल्या. काठावर टाच ठेवली. एका पावलाला दुसरं पाऊल लावत ती खड्ड्याच्या लांबीनं चालायला लागली. ऋतुराज धावला, "आजी, अहो, पडाल!" शांभवीनं त्याला हातानं थांबवलं. लिंगायतांतली जुनी माणसं मनात मोजत होती. नववं पाऊल कोपऱ्याला बरोबर टेकलं. ना बोटभर कमी, ना बोटभर जास्त.

आक्का कोपऱ्यात उभी राहिली. "तम्मा," ती म्हणाली, "माझं हाय की रं हे."

चन्नाप्पाच्या हातातनं फावडं सुटलं.

"ह्येच्यासाठी माप घेतलंस?"

तो पडलेल्या फावड्याकडं बघत राहिला.

"सिनेमासाठी?"

त्यानं मान हलवली.

"म्हंजी मी मरत न्हाय?"

कुणीतरी हसलं. मग सगळे हसले. संगमेश मोठ्यानं म्हणाला, "आरं तिच्या! म्हनून माझी माफी मागितली व्हय!" आणि पुन्हा हशा झाला. कुणी ओरडलं, "चन्नाप्पा, आमचा खड्डा काय भावानं?" हे बोलणारा त्यांच्यातलाच होता. त्याच्या बापाला चन्नाप्पानं फुकट खणून दिलं होतं. चन्नाप्पा खाली बसला. त्यानं टॉवेल तोंडावर ओढला. इतकी वर्षं खाली विहिरीत उतरताना मी त्याला बघितला, पण एवढा खाली गेलेला कधी बघितला नव्हता.

आक्का हसत नव्हती.

"मला सांगायचं तरी हुतंस," ती म्हणाली. "मी देवाला समदं सांगून मोकळी झाल्ते. शेळी दिली, बुगड्या दिल्या, ह्या मेल्या गिरनीवाल्याची माफी बी मागितली. आता परत कुठनं सुरू करू?"

हसणं थांबलं. संगमेशनं मान खाली घातली.

शांभवी पुढं आली. "आजी, आम्हाला हे माहीत नव्हतं. आपण हे बंद करू. खड्डा आत्ता बुजवून टाकू."

आक्कानं खड्ड्यात डोकावून बघितलं. कोनाड्याच्या कमानीवरनं तिची नजर फिरली. "नगं. करा तुमचं," ती म्हणाली. "त्येनं घाम गाळलाय. वाया नगं घालवू." मग टॉवेलाआडच्या भावाकडं बघून, "आनि पिवळी चप्पल?" असं विचारून चपला घालून ती घराकडं चालायला लागली.

शूटिंग झालं. ती पुण्याची बाई कोनाड्यात बसायला तयार होईना, मग तिच्या जागी बाहुला बसवला. संध्याकाळपर्यंत गाड्या गेल्या. खड्डा चन्नाप्पानं एकट्यानं बुजवला. त्यांच्यातली चौघं फावडी घेऊन आली होती, त्यांना त्यानं काठावर येऊ दिलं नाही. लांब टाकलेली माती पुन्हा ओढून आणायची म्हणजे खणण्याहून जास्त कष्ट. थर टाकायचा, पायानं तुडवायचा, पाणी शिंपायचं, पुन्हा थर. उदयसिंह म्हणाला, "आरं, वरनं ढकल की, पावसात बसंल आपोआप." त्यानं ऐकलं नाही.

त्यानंतर चन्नाप्पा मागच्या बोळातनं जायला-यायला लागला. आषाढात त्यांच्यातला एक म्हातारा गेला. बोलावणं आलं, पहिलं त्यालाच. तो गेला, पण माप घ्यायला पुढं झाला नाही. दुसऱ्यानं घेतलं. त्यानं माती ओढायचं काम घेतलं, जे नवख्याला देतात. कुणी काही बोललं नाही. बोलले असते तर त्याला सोपं गेलं असतं.

घरात आक्का पूर्वीसारखं बोलायची नाही. स्वयंपाक करायची, वाढायची. पहाटे उठायची, पण हाक मारायची नाही. धार काढायला काही नव्हतं. उठून ती रिकाम्या खुंट्याजवळ बसायची. निशिगंधानं शेळी परत आणून बांधली, तर आक्कानं तिला बाळासकट परत पाठवली. "दिलेलं मागं घेऊन मी कुठलं तोंड दावू? आदीच एका मान्सानं घालवलंय ह्या घराचं." विद्याश्रीनं बुगड्या पुढं केल्या, त्यांनाही तिनं हात लावला नाही.

पाकीट पोत्यात तसंच होतं. मी एकदा म्हटलं, "मठात देऊन टाक."

"देवाला तरी असलं कशाला?" तो म्हणाला.

एका सोमवारी तो सकाळी माझ्याकडं आला. "आन्ना, वडगावच्या बाजारला चल."

जनावरांच्या बाजारात तो दुपारपर्यंत फिरला. विहिरीची जागा बघावी तसं एकेक जनावर बघितलं. खूर बघितले, दात बघितले, कास चाचपली, चालवून बघितलं. शेवटी एक काळी पाठ पसंत केली. पाठ म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी. सौदा ठरल्यावर त्यानं पोत्यातनं पाकीट काढलं आणि तिथं पहिल्यांदा फोडलं. नोटांना माती लागली होती. व्यापाऱ्यानं त्या झटकून घेतल्या.

घरी आलो तेव्हा आक्का ओट्यावर बसली होती. चन्नाप्पानं पाठ खुंट्याला बांधली आणि खांबाला धरून उभा राहिला. त्यानं वर बघितलं नाही.

"कुठल्या पैशाची?" आक्कानं विचारलं.

"त्याच."

पाठ पायानं जमीन उकरत होती. मला वाटलं, आता दावं सोडून हाकलून लावते. मग ती उठली, तिनं पाठीच्या पोटाखालनं हात फिरवला.

"हिला दुधावर यायला वरीस लागंल."

"लागू दे."

"तवर मी जगायचं म्हन की."

"व्हय," चन्नाप्पा म्हणाला.

"तर मग पाला कोन आननार? हुबा काय ऱ्हायलास?"

तो विळा घेऊन बाहेर पडला, आणि पुढच्या रस्त्यानं गेला नाही, मागच्या बोळातनंच गेला. उदयसिंहाच्या रानातल्या मजुरीचा पैसा त्या एका पाठीत गेला.